मोहल्ल्याची भाजीबाग: इंदूरच्या काळ्या मातीत, जुलैच्या ताटासाठी

रेशनवर प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो, आणि २०२३ पासून तेही फुकट. गहू-तांदळाची सोय बरीचशी होते. ताटात कमी पडते ती भाजी, त्यातही पालेभाजी. आसपासच्या बस्तीतल्या अशा घरांसाठी बागेचा बेत करताना हे आधी डोक्यात पक्कं असू द्या. दोनशे चौरस मीटरच्या प्लॉटवर कुणाचं पोट भरणार नाही. बटाटे-कांदे लावून तर मुळीच नाही. त्याच जागेतून दहा-पंधरा घरांना दर आठवड्याला अर्धा-अर्धा किलो ताजी भाजी मात्र देता येते, आणि लहान मुलं किंवा गरोदर बाई असलेल्या घरात तेवढ्यानेही फरक पडतो.

हिशोब असा. १.२ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब वाफा म्हणजे ६ चौरस मीटर. असे १६ वाफे, मधल्या वाटा, खताचा ढीग, टाकी, अवजारांची पेटी हे सगळं धरून साधारण २०० चौरस मीटर जागा लागते. नवख्या हातांनी पहिल्या वर्षी चौरस मीटरला ३ ते ४ किलो भाजी धरावी, म्हणजे वर्षाला तीन-पावणेचार क्विंटल. पण पहिल्या वर्षी १६ वाफे करूच नका. आठ करा, सहा-सात घरांची जबाबदारी घ्या. बाग बंद पडते ती बहुधा उत्साहाच्या भरात सगळा प्लॉट एकदम खणल्यामुळे.

दुसरा हिशोब महिन्यांचा आहे. डिसेंबर-जानेवारीत चोइथराम मंडीत मेथी-पालकाची आवक एवढी असते की गल्लीतल्या ठेल्यावरही जुडी स्वस्त मिळते. त्या दिवसांत तुम्ही वाटलेली मेथी चांगली, पण तिच्यावाचून कुणाचं अडत नाही. खरी ओढाताण मेअखेरीपासून ऑगस्टपर्यंत: उन्हाने पालक जळतो, मग पावसाने सडतो, आणि भाव चढतात. म्हणून हात बसवायला थंडी घ्या, पण बागेची परीक्षा जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये ती काय देते यावर करा. खालची पिकांची निवड याच हिशोबाने केलेली आहे.

जागा आणि कागद

निगमचा बगीचा, शाळेचं किंवा आंगनवाडीचं आवार, देवळामागची जागा, कुणाचा रिकामा प्लॉट, यांपैकी काहीही चालेल. रोज किमान सहा तास ऊन हवं, पाणी तीस मीटरच्या आत हवं, आणि ज्या बस्तीसाठी बाग करायची ती चालत दहा मिनिटांवर हवी. निगमच्या बगीच्यातला कोपरा हवा असेल तर रहवासी संघाचा ठराव आणि पार्षदांचं (नगरसेवकांचं) पत्र घेऊन झोन कार्यालयात लेखी अर्ज द्या. नुसत्या तोंडी 'कर लो' वर एक कुदळही मारू नका. खासगी प्लॉट असेल तर साध्या करारात तीन गोष्टी हव्यातच: पक्कं बांधकाम होणार नाही, प्लॉट विकला तर उभं पीक निघेपर्यंत म्हणजे चार महिन्यांची मुदत मिळेल, आणि पाण्या-विजेचं बिल कोण भरणार.

नवी संस्था नोंदवायची घाई नको. महिला मंडळ, बचत गट, गल्लीचं गणेशोत्सव मंडळ, जे आधीपासून चालू आहे त्याच्याच छत्राखाली सुरुवात करा. वर्गणी गोळा करायची, हिशोब फळ्यावर लावायचा आणि रुसलेल्याला परत आणायचं, हे गणपती मंडळाला वेगळं शिकवावं लागत नाही.

जागा ठरवण्याआधी दोन-तीन ठिकाणी ४५ सेंटीमीटर खोल खड्डा घेऊन बघा. शहरातल्या रिकाम्या प्लॉटवर वर माती दिसते आणि खाली मलबा असतो: विटांचे तुकडे, सिमेंट, टाइल्स. वीतभराच्या आतच मलबा लागला तर तिथे खणण्यात अर्थ नाही, विटांचे कठडे करून बाहेरची माती भरावी लागेल आणि खर्च कितीतरी वाढेल. जुन्या बॅटऱ्यांचं, भंगाराचं किंवा रंगकामाचं दुकान जिथे होतं ती जागा पालेभाजीसाठी सोडूनच द्या. मातीत शिसं असेल तर पाल्यावर बसणाऱ्या धुळीतून आणि खुद्द पानांतूनही ते पोटात जातं, आणि नेहमीच्या माती परीक्षणात ते दिसत नाही. त्याची तपासणी वेगळी सांगून करावी लागते. मोठ्या रस्त्यापासून वाफे दहा मीटर तरी आत ठेवा.

माती परीक्षणासाठी नमुना घेताना आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा १५ सेंटीमीटरचा खड्डा करा, त्याच्या कडेची पातळ चकती काढा, सगळ्या चकत्या एकत्र मिसळून अर्धा किलो सावलीत वाळवा. कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विभागाच्या प्रयोगशाळेत तो द्या.

काळ्या मातीशी कसं वागावं

माळव्याची काळी माती कसदार आहे, पण हट्टी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जुलैमध्ये सपाट वाफ्यात दोन दिवस पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही आणि रोपं पिवळी पडून बसतात. लोक खत कमी पडलं म्हणून आणखी खत घालतात. तिथे चर हवा असतो.

म्हणून गादीवाफाच करा. वाफ्याची माती कुदळीने २०–२५ सेंटीमीटर मोकळी करा. दोन वाफ्यांमधली वाट ४५ सेंटीमीटर ठेवा, आणि त्या वाटेवरची १५ सेंटीमीटर माती उचलून वाफ्यावर टाका. वाफ्याचा माथा आणि वाटेचा तळ यांत वीतभराहून थोडं जास्तच अंतर पडतं. बाहेरून एक ट्रॉलीही न आणता निचरा होतो, वाटच चराचं काम करते. सगळ्या वाटांचा उतार एकाच कोपऱ्याकडे ठेवा. १.२ मीटरपेक्षा रुंद वाफा नको, कारण दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. वाफ्यावर पाय पडला की केलेली मेहनत वाया.

वाळू मिसळण्याचा सल्ला हमखास मिळेल. ऐकू नका. या मातीत फरक पडायला वाळू खंडोगणती लागते. थोडी टाकली तर माती सिमेंटसारखी आवळते. चिकण माती सुटी करतं ते कुजलेलं खत. पहिल्या वेळी चौरस मीटरला ५ किलो, म्हणजे वाफ्याला ३० किलो कंपोस्ट आणि पाऊण किलो निंबोळी पेंड. पुढे दर पिकाआधी त्याच्या निम्मं.

आणि वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती खणण्याजोगी सुकल्याशिवाय, ती हलवू नका. मूठभर माती घेऊन दाबा. बोट लावल्यावर गोळा फुटून भुगा झाला तर वाफसा आहे. बोटाला चिकटून चकाकली तर तीन-चार दिवस थांबा. ओल्यात खणलेल्या काळ्या मातीची ढेकळं वाळून दगड होतात आणि हंगामभर फुटत नाहीत. रविवार आहे, सगळे जमलेत, म्हणून चिखलात कुदळ घालणं ही नवीन बागांची ठरलेली चूक. त्या दिवशी कुंपण करा, पानं गोळा करा, काही नाही तर पोहे खाऊन घरी जा.

खत

कंपोस्टच्या बाबतीत इंदुरात राहून दुसरीकडे बघायची गरज नाही. १९२४ मध्ये इथे सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी बसवलेली पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. तिचं बागेपुरतं रूप असं.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पिंपळ, कडुनिंब, शिरीष पानं ढाळतात, तेव्हा तीस-चाळीस पोती पानं भरून ठेवा. मार्चमध्ये सावलीत दीड मीटर बाय दीड मीटरचा ढीग लावा: तळाशी काटक्या, त्यावर वीतभर सुकी पानं, त्यावर हिरवा कचरा, मग चार बोटं शेण, त्यावर जुनी माती आणि चिमटीने राख, पाण्याचा शिडकावा. असे थर मीटरभर उंचीपर्यंत. याहून लहान ढीग तापत नाही आणि तापला नाही तर तणांचं बी मरत नाही. पहिली उलटापालट पंधरा दिवसांनी, दुसरी महिन्याने, तिसरी दोन महिन्यांनी. बाहेरचा भाग आत गेला पाहिजे. तीन महिन्यांत खत तयार. ढीग बसून एक तृतीयांश होतो आणि आठ वाफ्यांना पुरतो.

घरांतून येणारा ओला कचरा घ्यायचा असेल तर एक बादली ओल्यावर दोन बादल्या सुकी पानं हे माप सोडू नका. वास आला की ओलं जास्त झालं, पानं टाकून उलटा. मुंग्या लागल्या की कोरडं पडलंय, पाणी द्या. शिजलेलं, तेलकट, खारट काही नको, त्याने उंदीर येतात. शहरातले गोठे हटल्यामुळे शेण गोशाळेतून किंवा आसपासच्या गावांतून आणावं लागेल. ते निदान कुजायला लागलेलं घ्या. ताजं शेण थेट वाफ्यात गेलं तर त्याच्याबरोबर हुमणी (मुळं खाणारी अळी) पण जाते. पावसाळ्यात ढिगावर ताडपत्री हवीच, नाहीतर सगळा कस वाहून जातो.

पाणी

जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर विजेवर चढवून आणलेलं, एक दिवसाआड येणारं नर्मदेचं पाणी वाफ्यांना घालणं बरं नाही, आणि शेजारी ते फार दिवस खपवूनही घेणार नाहीत. बोअर असेल तर उत्तम. खान नदीचं किंवा कुठल्याही नाल्याचं पाणी पालेभाजीला कधीच नको, गाळून घेतलं तरी नको. आरओचं टाकाऊ पाणी साध्या पाण्यात निम्मं मिसळून शेवग्याला, कढीपत्त्याला घाला, वाफ्यांना नको. त्यातले क्षार काळ्या मातीत साचत जातात.

मे महिन्यात उघड्या वाफ्याला चौरस मीटरला रोज ७–८ लिटर पाणी लागतं. वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट आणि मातीवर चार बोटं सुक्या पानांचं आच्छादन असेल तर ५ लिटरवर भागतं. आठ वाफ्यांना रोज २४० लिटर झाले. थंडीत ३ लिटर पुरतात. ५०० लिटरची टाकी दीड मीटर उंच ओट्यावर ठेवा, तिला जाळीचा फिल्टर आणि १६ मिलीमीटरच्या नळ्या, वाफ्याला तीन. नळी घेताना एक गोष्ट दुकानदाराला स्पष्ट सांगा: पाणी टाकीच्या उंचीवर चालणार आहे, पंपावर नाही. 'प्रेशर कंपेन्सेटिंग' ड्रिपर एवढ्या कमी दाबावर चालतच नाहीत आणि दुकानात तेच महागडे पुढे केले जातात. बोअरचं पाणी जड असतं, ड्रिपरच्या तोंडावर पांढरा थर बसतो. दर पंधरा दिवसांनी नळ्यांची टोकं उघडून पाणी वाहू द्या. फेकून पेरलेल्या मेथी-कोथिंबिरीला ठिबक नको, झारी बरी.

काय, कधी, किती

मेअखेर वाफे तयार ठेवा, पण पहिल्या वर्षीचा पाऊस पिकाला देऊ नका, मातीला द्या. जूनअखेर चांगला पाऊस झाला की वाफ्याला ३० ग्रॅम ताग किंवा ढैंचा (हिरवळीच्या खताची पिकं) पेरा, ४०–४५ दिवसांनी फुलं यायच्या आत कापून तिथेच गाडा. ऑगस्टच्या मध्यापासून महिनाभर कुजू द्या. तोवर उत्तरेच्या कडेला तीन-तीन मीटरवर चार शेवगे लावा (उत्तरेला अशासाठी की सावली वाफ्यांवर पडू नये), आणि कुंपणावर गिलकी (घोसाळी), दोडका, दुधी चढवा. इंदुरात ज्याला सुरजना म्हणतात त्या शेवग्याच्या शेंगाच लोक खातात. पण बागेसाठी महत्त्वाचा आहे तो पाला. झाड मीटरभर झालं की शेंडा खुडा म्हणजे फांद्या फुटतील आणि पाला हाताला येईल.

ऑक्टोबरपासून खरी पेरणी. ६ चौरस मीटरच्या वाफ्याला मेथी ४० ग्रॅम, पालक २० ग्रॅम, मुळा ८ ग्रॅम, धणे रगडून दोन फोडी करून २५ ग्रॅम. टोमॅटोची दोन ओळींत २२ रोपं, वांग्याची १६. मेथीचे सगळे वाफे एका दिवशी पेरू नका. आज एक, पंधरा दिवसांनी दुसरा, मग तिसरा. नाहीतर एकाच आठवड्यात वाटून संपणार नाही इतकी मेथी येते आणि पुढे महिनाभर काही नाही. पालक मुळापासून उपटू नका, दोन बोटं ठेवून कापा. तीन-चार कापण्या मिळतात. जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर आला तर संध्याकाळी पाणी द्या आणि टोमॅटोवर जुन्या साड्या टाका.

आता जुलैची तयारी, म्हणजे या सगळ्या खटाटोपाचा गाभा. फेब्रुवारीअखेर तीन वाफ्यांत तांदुळजा (भाजीवाले चौलाई म्हणतात तीच), एकात चवळी, एकात भेंडी. भेंडीचं बी रात्रभर भिजवून ३० सेंटीमीटरवर टोका. वाण केवड्याला (पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाला) टिकणारा घ्या, जसं परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका. उरलेल्या वाफ्यांपैकी एक शेडनेटखाली मायाळूला द्या. मायाळूच्या वीतभर काड्या मार्चमध्ये लावल्या की मेपासून पानं सुरू होतात आणि पावसाला ती घाबरत नाही. वेलांची आळी अक्षय्य तृतीयेला टोकायची जुनी चाल इथेही उपयोगी पडते. जूनच्या मध्यावर अंबाडी. तांदुळजा, मायाळू, अंबाडी आणि शेवग्याचा पाला, या चार पाल्यांवर जुलै-ऑगस्ट निघतो. ब्रोकोली, लेट्यूस, झुकिनी यांच्या बियांची पाकिटं कुणी प्रेमाने आणून दिली तर घ्या आणि विसरून जा. पेरण्याआधी बस्तीतल्या बायकांना विचारा, कोणती भाजी घरात पोरं खातात आणि कोणती कमी तेलात, पटकन होते.

कीड-रोग

मावा थंडीत मेथीवर आणि पुढे चवळीवर हमखास येतो: लिटरला ५ मिलीलिटर निंबोळी तेल आणि थोडा भांड्यांचा साबण, संध्याकाळी फवारा, तीन-चार दिवस तोडणी नको. भेंडीची पानं पिवळ्या जाळीची दिसली की झाड उपटून बाहेर काढा, औषध नाही. वांग्याचे कोमेजलेले शेंडे दर आठवड्याला कापून नष्ट केले तर शेंडे-फळ पोखरणारी अळी आटोक्यात राहते. कंपोस्टमध्ये टाकले तर ती परत येते. पेरलेलं बी कबुतरं टिपतात, उगवेपर्यंत जाळी घाला. शेण-गोमूत्राची जीवामृतासारखी मिश्रणं मातीत घाला, पालेभाजीवर फवारू नका. कच्च्या कोथिंबिरीवाटे पोट बिघडेल ते ज्याचं आधीच अशक्त आहे त्याचंच.

माणसं आणि वाटप

आठ वाफ्यांना बारा-पंधरा घरं पुरे. रोज पाण्याला दोघांची जोडी, पाऊण तास. रविवारी सगळे, दोन तास. एकट्याची पाळी लावू नका, एकटा माणूस दांडी मारतो. सगळ्यात धोक्याचा काळ म्हणजे शाळांच्या सुट्या. एप्रिल-मेमध्ये निम्मी मंडळी पुण्या-नाशिकला, गावी जातात आणि आठ दिवसांत बाग जळते. उन्हाळ्याची पाळी गुढीपाडव्यालाच लिहून फळ्यावर लावा, आणि त्यात बस्तीतल्या घरांची नावं बरोबरीने असू द्या. ती घरं फक्त घेणारी राहिली तर बाग दुसरा उन्हाळा पाहत नाही.

भाजी कोणाला किती हे पहिलं बी पडायच्या आत ठरवा. आमच्या मते साठ टक्के ठरलेल्या घरांना, तीस टक्के राबणाऱ्यांना, दहा टक्के विकून बियाण्याला. राबणाऱ्यांनीही त्याच रांगेतून, तशीच पाव किलोची जुडी न्यावी. म्हणजे कोण गरजू आणि कोण नाही हे कुणाला दिसत नाही. फोटो काढू नका. वजन कमी असलेली मुलं कोणत्या घरांत आहेत हे आंगनवाडी ताईंना माहीत असतं. त्यांच्याकडे यादी मागू नका, त्यांच्या वाट्याच्या जुड्या त्यांच्याच हाती द्या. तोडणी सकाळी सातच्या आत, ओल्या पोत्यात ठेवून वाटप संध्याकाळी सहानंतर, कारण घरकामाला जाणाऱ्या बायका तेव्हाच परतलेल्या असतात.

दहा किलोचा लटकता काटा आणि एक वही टाकीजवळ बांधून ठेवा. तारीख, वाफा क्रमांक, भाजी, वजन, कुठे गेली, एवढंच लिहा. वर्षअखेर जून ते ऑगस्टची पानं वेगळी काढून बेरीज करा; पुढच्या वर्षीचे वाफे त्यावरून ठरवा, जानेवारीच्या भरगच्च पानांवरून नाही.

चोरी होईल. कुंपणाबाहेर कढीपत्ता, गवती चहा आणि एक वेल गिलकी लावून टाका, येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात तिथेच थांबतो. आणि मालकाने कधी प्लॉट परत मागितलाच तर करारातल्या चार महिन्यांत वाफ्यांची वरची वीतभर माती पोत्यांत भरा, मायाळू आणि शेवग्याच्या काड्या काढा, नळ्या गुंडाळा. नवीन जागेवर ही माती पसरली की खताचा एक अख्खा हंगाम वाचतो.